रूपचंदभाऊंच्या खेकड्याचा सायलेन्सर

रूपचंदभाऊ माणसाला तोंडावरून ओळखत नाहीत, सायलेन्सरवरून ओळखतात.

हे मला कळलं ते मोहाडीच्या एका लग्नात. मी समोर जाऊन हात जोडले, "रामराम भाऊ." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी वरपक्षाकडचा कोणी लांबचा मामा. म्हटलं, "भाऊ, मी. तुमच्या शेजारचा." तरी चेहऱ्यावर काही नाही. शेवटी मी मंडपाबाहेर जाऊन माझी मोपेड सुरू केली. लगेच आतून आरोळी आली, "अरे, डॉक्टर! कवा आले जी? इथं मघापासून कोणी तरी माणूस उगाच डोकं खाऊन राहिला माह्यं!"

तो माणूस मीच होतो.

आणि मी डॉक्टरही नाही. करडीत जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहे. पण जो बैलाच्या जखमेला पट्टी बांधतो तो डॉक्टर, असं गावानं ठरवून टाकलंय, आणि मीही फार विरोध केला नाही.

रूपचंदभाऊ साठीला टेकलेले. तलावाखाली धानाच्या चार बांध्या, घरी ते आणि वच्छलावहिनी. मुलगी लग्न होऊन तिकडे बालाघाटकडे. दुपारी भाऊ बाजेवर डोळे मिटून पडतात आणि रस्ता ऐकतात. "तलाठी आला. चेन ढिल्ली हाये त्याची." थोड्या वेळानं, "हा दूधवाला. याच्या सायलेन्सरात माशीनं घर केलं. आवाज पाहा जी, आवाज!" आवाज पाहायचा कसा, हे मला आजवर जमलेलं नाही. पण दूधवाल्याच्या सायलेन्सरातून खरोखरच मूठभर माती आणि तीन माश्या निघाल्या.

अशा माणसाच्या हाती ती गाडी लागली, याला मी नशीबच म्हणतो. कोणाचं, ते सांगता येत नाही.

नाकाडोंगरीकडे जंगलाच्या कडेला शहरातल्या एका हौशी माणसानं पर्यटकांसाठी खेळाच्या गाड्या आणून ठेवल्या होत्या. पर्यटक काही आले नाहीत, माकडं आली. त्यांनी सीटा फाडल्या. मग त्यानं गाड्या मिळेल त्याला देऊन टाकल्या. भाऊंनी आपलं जुनं मळणीयंत्र देऊन त्यातली एक आणली. चार गलेलठ्ठ चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, लाल रंग, आणि समोरून पाहिलं तर चक्क खेकडा. गावानं नावही तेच ठेवलं. ही शर्यतीची गाडी, तिला सामान ठेवायला मागे जागाच नाही. म्हणून रोवण्याच्या दिवसात भाऊ पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी डोक्यावर घेऊन खेकडा चालवत. दुरून वाटे, एक हिरवं झाड चिखलातून पळत सुटलंय.

गाडीवर ते खूश होते. आवाजावर नव्हते.

"एवढी मोठी गाडी, अन् आवाज पाहा! शेळीले सर्दी झाल्यावानी!" असं ते मला रोज ऐकवत. एक दिवस म्हणाले, "डॉक्टर, सायलेन्सर मागवला मोबाइलवरून. बाहेरचा हाये. तुमच्या दवाखान्यात बसवू आयतवारी."

"माझ्या दवाखान्यात कायले?"

"तुमच्यापाशी खोडा हाये ना."

खोडा म्हणजे औषध पाजताना बैल हलू नये म्हणून उभा केलेला लोखंडी पिंजरा. त्या रविवारी सकाळी त्यात खेकडा उभा राहिला. भाऊंनी त्याला पुढून-मागून कासऱ्यानं बांधला आणि सवयीनं वर थापही मारली.

पार्सल हळदकुंकू लावून उघडलं. आत चकचकीत नळा, वाकवलेला पाइप, तांब्याची एक रिंग, दोन स्प्रिंगा, कार्बोरेटरात पेट्रोल सोडणारा पितळेचा इवलासा जेट आणि एक कागद. कागदावरची लिपी आम्हा दोघांच्या ओळखीची नव्हती. समजण्यासारखं चित्र एकच होतं: माणसाचा कान आणि त्यावर फुली.

"कान वापरू नका म्हणते का जी?" भाऊ बुचकळ्यात पडले. "मंग आवाज काय नाकानं आयकाव?"

जुना सायलेन्सर निघता निघेना. इंजिनाच्या तोंडाशी दोन नट होते, गंजून एकजीव झालेले. भाऊ दोन दिवस त्यांवर डिझेल सोडत होते, जखमेवर औषध सोडावं तसं. एक नट गुमान सुटला. दुसऱ्यासाठी भाऊंनी पान्याला पाइप लावला, मी पाइपाला लोंबकळलो, आणि नट सुटला तेव्हा दोघंही एकमेकांच्या अंगावर होतो. तेवढ्यात म्हैस दाखवायला आलेल्या एका बाईनं आम्हाला त्या अवस्थेत पाहिलं, "आज बंद हाये वाटते," म्हणाली आणि म्हैस घेऊन परत गेली.

रिंग बसली, पाइप बसला. स्प्रिंगा मात्र आकड्यापर्यंत पोचेनात. पहिली सटकली ती थेट पाण्याच्या हौदात. मी शर्ट काढून ती शोधली. मग भाऊंनी बैलाची नवी वेसण आणली, स्प्रिंगेत ओवली, दोघांनी दात-ओठ खाऊन ओढली आणि टक् करून आकडा बसला. त्यानंतर भाऊंनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नळा लख्ख पुसला. बोटांचे डाग राहिले तर तापल्यावर ते कायमचे बसतात म्हणे. इतक्या प्रेमानं त्यांना मी स्वतःचं तोंड पुसताना पाहिलेलं नाही.

मी सहज म्हटलं, "भाऊ, सारं गाव उठून बसणार आता. सुखात राहतील त्या एक वहिनी."

दोन वर्षांपूर्वी वहिनींना लांबलेला ताप आला आणि तेव्हापासून कान गेले. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, पण ते नुसतं किर्रकिर्र करतं म्हणून वहिनींनी देवघरात ठेवून दिलं. आता त्याला रोज फूल मिळतं. यावर भाऊही नेहमी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. आवळून झालेला नट पुन्हा आवळत बसले.

मग त्यांनी खेकडा सुरू केला.

पहिला आवाज आला "फट्ट!" आणि दवाखान्याच्या छपरावरची धूळ आमच्या डोक्यावर. दुसऱ्या "फट्ट"ला तलावावरचे सगळे बगळे एकदम वर. तिसऱ्याला सरपंच धावत आले, "डीपी उडाली, डीपी!" त्यांच्यामागे वायरमनचा फोन. त्यानं भीतीनं अख्ख्या गावाची लाइन बंद केली, ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. भाऊ शांतपणे कार्बोरेटर उघडत म्हणाले, "हवा जास्त, पेट्रोल कमी. म्हणून भडकून राहिली बिचारी." पितळेचा नवा जेट बसवला, पुन्हा सुरू केली. आता फटाके नव्हते. खोल, दमदार ढबढब होती. कानात नाही, छातीत वाजत होती.

"आवाज पाहा जी," भाऊ हळूच म्हणाले. आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो मला थोडासा दिसलाही.

"बसा मागं. घरी जाऊ."

मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका शेतकऱ्याला मागून मिठी मारून पांदणीनं निघालो. पांदण भाऊंच्या घराच्या मागच्या अंगणात निघते. दोन्ही बाजूंना लोक कानांत बोटं घालून उभे. कोणी ओरडत होतं, शिव्याही देत असावं, ऐकू येत नव्हतं.

मागच्या अंगणात वहिनी आमच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या.

भाऊंनी गाडी वीसेक पावलांवर थांबवली आणि रेस दिली. भिंतीवरचा कावळा उडाला. वहिनींनी एक खडा काढून बाजूला टाकला. भाऊंनी पुन्हा रेस दिली, आणखी मोठी. शेजारच्या घरातून माझी बायको बाहेर आली. वहिनींनी सूप हलवलं, तांदूळ सारखे केले. तिसऱ्यांदा भाऊंनी मूठ इतकी पिळली की माझे दात एकमेकांवर वाजले. वहिनींच्या पाठीवरचा पदरही हलला नाही.

भाऊंनी गाडी बंद केली. मला वाटलं, आता हाक मारतील किंवा जाऊन खांद्याला हात लावतील. तसं काही केलं नाही. चालत लांबच्या लांब वळसा घालून ते अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेले आणि धुण्याच्या दगडावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं वहिनींनी मान वर केली.

"आले का जी? कवाचे बसले?"

भाऊंनी हातानं खूण केली. आत्ताच.

वहिनी पाणी आणायला आत गेल्या. मी भाऊंजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "आवाज तर झकास आहे."

"उन्हाळ्यात वावरातून आलो होतो," भाऊ म्हणाले. "थे चुलीपाशी उभी. म्या मागून खांद्यावर हात ठेवला. दचकली. हातची उकळती पेज पायावर सांडली. तुमीच तर पट्टी बांधली जी."

बांधली होती. वहिनींनी तेव्हा मला सांगितलं होतं, माझ्याच हातून पेजेनं भरलेला गंज सुटला.

"चाळीस वर्सं तिले 'आयकलं का' म्हणूनच हाक मारली, डॉक्टर. आता थे आयकत नाही, अन् मले दुसरं नाव येत नाही." त्यांनी दुपट्ट्यानं हात पुसले. ते पुसलेलेच होते. "वाटलं, कानात नाही तर छातीत तरी वाजंल. मी येऊन राहिलो, एवढं तिले मालूम पडाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच दहा-बारा सह्यांचा अर्ज घेऊन भाऊंच्या दारात आले. पाहतात तर खेकड्याला जुनाच सायलेन्सर. "आवाज जमला नाही," भाऊंनी एवढंच सांगितलं. अर्ज वाचलाच गेला नाही. सगळे चहा पिऊन गेले.

खेकडा अजून चालतो. पांदणीनं वावरातून घर पाच मिनिटांवर आहे, पण भाऊंना आता वीस लागतात. पांदण सोडून ते गावाला वळसा घालतात, शाळेवरून, मग तलावाच्या पाळीवरून घराच्या समोरच्या बाजूनं येतात. उगाच पेट्रोल जाळतात असं लोक म्हणतात. वहिनी त्या वेळी पुढच्या ओसरीवर तोंड तलावाकडे करून बसलेल्या असतात. पाळीवर लाल ठिपका दिसला की उठून हात पुसतात. भाऊ लांबूनच एक हात वर करतात. वहिनीही करतात.