पुलावरचे भानुदासतात्या

भानुदासतात्यांनी एकदा दोन नवरदेव अडवले होते. एक निरवांगीकडून, दुसरा अंथुर्ण्याकडून. मध्ये ओढ्यावरचा बिनकठड्याचा अरुंद पूल. दोन्ही वऱ्हाडं समोरासमोर, दोन्हीकडे बँड, आणि मागं कुणीच हटेना. तात्यांनी शिट्टी फुंकली, दोन्ही बँड बंद केले आणि मुहूर्त विचारले. ज्याचा आधी, त्याला सोडलं. दुसरा नवरदेव कुरकुरला तेव्हा म्हणाले, “एका येळी एकच, पाव्हणं. गाडी बी आन् लगीन बी.”

तात्यांना हे काम कुणी दिलेलं नव्हतं. माझ्या आधी शाळेवर ज्या बाई होत्या, त्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट देताना स्कूटीसकट ओढ्यात गेल्या. तात्यांचं घर पुलाला लागूनच. त्यांनीच धोतर खोचून बाईंना चिखलातून ओढून काढलं. दुसऱ्याच दिवशी बारामतीला जाऊन त्यांनी शिट्टी आणली आणि पुलाच्या तोंडाशी उभे राहिले. ते राहिलेच.

मी रोज अंथुर्ण्याहून निरवांगीच्या शाळेत शिकवायला जाते. पहिल्या दिवशी मलाही थांबवलं. समोरून दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर डुलत येत होता. तो येईपर्यंत तात्यांनी माझं माहेर, सासर, नवऱ्याची नोकरी आणि मला कारल्याची भाजी आवडत नाही, एवढं सगळं काढून घेतलं. पुलावर थांबलेल्या प्रत्येकाची अशीच चौकशी व्हायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, हे पंचायतीच्या आधी तात्यांना कळायचं. ग्रामसभेत दोघं एकदम बोलायला लागले, तर तिथंही शिट्टी वाजायची.

पुलासाठी त्यांचे अर्ज चालूच होते. शेवटी एकदा बांधकाम खात्याचे साहेब आले. जीपमधूनच म्हणाले, “बघू, होईल.”

“बघायचंच हाय तर खाली उतरा, सायेब. पुलाच्या मधी उभं ऱ्हावा.”

साहेब उभे राहिले, शेजारी तात्या. तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर आला. आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी शिट्टी वाजवली नाही. ट्रॅक्टर अगदी हळू, पण साहेबांच्या शर्टाच्या बटणांना उसाचं पाचट घासत गेला. तो पार होईपर्यंत साहेबांनी तात्यांना कडकडून मिठी मारलेली होती.

“आता दिसलं न्हवं?” मिठीतूनच तात्यांनी विचारलं.

महिनाभरात मोजणीवाले आले. जुना पूल रुंद करून उपयोग नव्हता, कारण खरी खोट पुलाच्या अलीकडच्या वळणात होती, तिथून समोरची गाडी दिसायचीच नाही. रस्ताच सरळ करून ओढ्यावर खालच्या अंगाला नवा पूल बांधायचा ठरला. सरळ रेघ मारली, ती नेमकी तात्यांच्या पेरूच्या बागेतून गेली. मोजणीवाला भला माणूस. म्हणाला, “तात्या, जरासं वळवून घेतलं तर दोन ओळी वाचतील.”

तात्या बागेत शिरले. एकेका झाडाला हात लावत पार टोकाला गेले आणि परत आले.

“ह्या झाडांवर लई जीव हाय माझा,” ते म्हणाले. “पर वळण ठिवलंत, की तितं बी कुणीतरी पडणारच. सरळ न्या.”

रेघेवर चुन्याची फक्की मारायला त्यांनीच डबा हातात घेतला. रेघ पार टोकापर्यंत सरळ नेली.

नवा रस्ता झाला. गाड्या भुर्रकन जायला लागल्या, मीही जायला लागले. घरी पोचायला दहा मिनिटं कमी लागायची आणि त्याचं मला फार कौतुक होतं. दोन महिन्यांनी शाळेत कुणीतरी म्हणालं, “तात्या दिसत न्हाईत अलीकडं.” मला एकदम लाज वाटली. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा चाकणला कंपनीत. हे मला माहीत होतं. पण घरात ते एकटेच असतात, हे पुलावरच्या त्या गर्दीत कधी जाणवलंच नव्हतं.

संध्याकाळी गाडी जुन्या रस्त्याला घातली. तात्या ओट्यावर बसले होते, कान नव्या रस्त्याकडे.

“आत्ता गेली ती दूधवाल्याची,” मला बघून ते म्हणाले. “हॉर्नवरनं वळखतो मी. त्याच्या पोरीचं लगीन ठरलं का, काय की.”

“ठरलं, तात्या. तुम्हाला करमत नसेल ना आता?”

ओट्यावरची धूळ हातानं झटकून त्यांनी मला जागा करून दिली.

“न्हाय करमत,” ते म्हणाले. “पर बाई, कुणी पडत बी न्हाय.”

मी गाडी स्टँडला लावली आणि दूधवाल्याचा जावई कुठला, काय करतो, ते सगळं सविस्तर सांगायला बसले.