रंगनाथशेठांचं मापाचं सॉफ्टवेअर

रंगनाथशेठ ताजणे कुठलीही वस्तू घेण्याआधी ती बोटाच्या पेराने वाजवून बघत. पातेलं, पिंप, घंगाळ ही वाजवायचीच भांडी. पण शेठ टेबलफॅन वाजवत, डॉक्टरांचं टेबल वाजवत, आणि एकदा तर बँकेत मॅनेजरसमोरची काच वाजवून आले होते. "बद्द बोलतंय," असं म्हणाले की ती वस्तू बाद. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या खांद्याच्या हाडावर टकटक केलं, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "खणखणीत हाय. बसा इंजिनियर."

मी इंजिनियर नव्हतो. बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता आणि कॉलेज रोडला एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत बसून लोकांना सॉफ्टवेअर करून देत होतो. कार्डावर मात्र 'सिस्टीम अ‍ॅनालिस्ट' छापलं होतं. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. तेव्हा नाशकात कार्ड आणि टाय एवढ्या भांडवलावर माणूस सॉफ्टवेअरवाला होत असे. माझ्याकडे टाय नव्हता.

शेठांचा पेठ नाक्याजवळ मंडप आणि भांडी भाड्याने द्यायचा धंदा. गोदामात खुर्च्यांच्या थप्प्या, जाजमांचे गठ्ठे, कनाती, समया, चवरंग आणि माणूस आत उतरून घासेल अशी पातेली. या सगळ्याच्या मधोमध गादीवर बसून शेठ दिवसभर एकच वाक्य बोलत: "पटलं नाय."

मुलगा सांगायचा, "अण्णा, टेम्पो आला."

"पटलं नाय. एवढ्या लवकर?"

टेम्पो उशिरा आला तरी पटायचं नाही. एकदा भर दुपारी लाइट गेली, तेव्हा पंख्याकडे बघूनसुद्धा ते हेच म्हणाले. मुलगा, सून, हमाल सगळे "बरं अण्णा", "हो अण्णा" म्हणत आपापल्या कामाला लागत. वाद घालण्यात कोणालाच रस नव्हता.

अशा माणसाला कॉम्प्युटर कशाला हवा होता? गंगापूर रोडच्या एका मंडपवाल्याने छापील बिल द्यायला सुरुवात केली होती. एवढं एकच कारण. कॉम्प्युटर घेऊन झाला होता, अर्थातच वाजवून. आता त्यात सॉफ्टवेअर घालायचं होतं. मी पोचलो तेव्हा एक टायवाला आधीच येऊन बसला होता.

"शेठ, तयार माल आहे," तो म्हणाला. "सीडी घाला, चालू करा. सातपूरपासून सिन्नरपर्यंत हेच चालतं. आणि किंमत ऐकाल तर हसाल."

शेठांनी सीडी हातात घेऊन वाजवली. "हिला आवाजच नाय."

टायवाल्याने ती मशीनमध्ये घातली आणि नमुना म्हणून 'खुर्ची' टाइप केलं. पडद्यावर लगेच प्रश्न आला: एक्सपायरी डेट?

"खुर्चीची?" शेठांनी विचारलं.

"काहीही टाका हो. दोन हजार नव्याण्णव टाका."

पुढचा रकाना डॉक्टरांच्या नावाचा. तो भरल्याशिवाय गाडी पुढे सरकेना. मग कळलं, की ते सॉफ्टवेअर मुळात मेडिकलच्या दुकानासाठी केलेलं होतं.

"त्यातली औषधं काढलीत आम्ही," टायवाला शांतपणे म्हणाला. "बाकी धंदा सगळा सारखाच असतो. डॉक्टरांच्या जागी आचाऱ्याचं नाव टाका."

मला हे आयतंच सापडलं. मी खोकून घसा साफ केला आणि माझं ठरलेलं भाषण सुरू केलं: प्रत्येक धंद्याचं माप वेगळं, तयार मालात धंद्याला कोंबावं लागतं, आम्ही तुमच्या मापाचं करून देतो. किंमत मात्र हळू आवाजात सांगितली.

शेठ म्हणाले, "आमची समई जोडीनं जाते. तुमच्या सॉफ्टवेअरनं जोडीच मोजायची."

"नाही शेठ. समई एकेकच मोजायची. जोडीतली एक हरवली, तर अर्धी जोडी लिहाल का?"

जाजम गुंडाळणारा मुलगा होता तसा थांबला. शेठांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"पटलं नाय," ते सावकाश म्हणाले. "परत सांगा."

मी परत सांगितलं. ते त्यांना पुन्हा पटलं नाही. चहा आला, संपला, आणखी आला. टायवाला आमच्या मधल्या एखाद्या वाक्यात शिरायची वाट बघून बघून शेवटी कार्ड ठेवून उठला. मी निघताना शेठ म्हणाले, "काम तुम्हाला दिलं. गुरुवारी या."

मापाचं काम घेतलं की गिऱ्हाइकाच्या अंगात येतं, हे मला ऐकून माहीत होतं. शेठांच्या अंगात दर गुरुवारी यायचं. जाजम जळून परत आलं, तर कशानं जळलं ते लिहायला जागा हवी: विडी, फटाका की उदबत्ती. वऱ्हाड रुसलं होतं का, याचा वेगळा रकाना हवा, कारण "रुसल्या वऱ्हाडात खुर्च्या लय मोडतात." झारा कढईबरोबर आपोआप जायला हवा. मी ते केलं. पुढच्या गुरुवारी शेठ म्हणाले, "आपोआप कशाला? झाऱ्याला त्याची इज्जत हाय." मी ते काढलं, तर त्याच्या पुढच्या गुरुवारी आधीचंच बरं होतं, असं निघालं.

दर बदलाचे पैसे ते तिथल्या तिथे देत, त्यामुळे तक्रारही करता येईना. मी मित्रांना सांगायचो, "मोठा प्रोजेक्ट चालू आहे." दीड वर्ष झालं तरी तो चालूच होता. मी फ्लॉपी घेऊन जायचो, आम्ही दुपारभर कडाकडा भांडायचो आणि मी नव्या सुधारणा घेऊन परत यायचो.

एका गुरुवारी गेलो तर गादीवर शेठ नव्हते. पिंपळगावला कांद्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरी मंडप होता, तिकडे गेले होते. त्यांची सून वैशाली कॉम्प्युटरसमोर होती. एक गिऱ्हाईक खुर्च्या परत द्यायला आलं. वहिनींनी भराभरा काहीतरी टाइप केलं, प्रिंटर कुरकुरला आणि बिल बाहेर आलं. मी सहज वाकून पाहिलं. खुर्ची, प्लास्टिक. एक्सपायरी: दोन हजार नव्याण्णव. डॉक्टर: बबन आचारी.

गिऱ्हाईक बिल घडी करून खिशात घालून निघूनही गेलं. त्याला काही खटकलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "हे कधीपासून चालू आहे?"

त्या ओशाळल्या. "पहिल्यापासूनच. तुम्ही आला होता ना पहिल्यांदा, त्याच आठवड्यात अण्णांनी त्या माणसाला बोलावून सीडी घेतली. चांगली चालते की."

"मग माझं सॉफ्टवेअर?"

वहिनींनी बाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाऊ म्हणून आमचे मोठे सासरे होते, अण्णांचे थोरले बंधू. दोघांनी मिळून उभा केला ना हा धंदा. रोज दुपारी जेवण झालं की दोघं भांडायचे. कनात कोणती लावायची, खांब कुठं रोवायचा, कायपण. सगळ्या नाक्याला ऐकू जायचं. तुम्ही यायच्या आधीच्या उन्हाळ्यात भाऊ गेले. मग अण्णा गादीवर नुसते बसून राहायचे. आम्ही सगळे हो म्हणतो ना त्यांना. आम्हाला वाटायचं, दुःखात हाय माणूस, कशाला उलट बोला? ताटातलं तसंच ठेवून उठायचे. तुम्ही त्या समईवरनं भांडलात, त्या रात्री पोटभर जेवले."

खरं सांगायचं तर आधी रागच आला. दीड वर्ष मी ज्याला मोठा प्रोजेक्ट म्हणत होतो, त्याचा एक रकानाही कधी कोणी भरला नव्हता. झाऱ्यासाठी मी रात्री जागवल्या होत्या. फ्लॉपी खिशात घालून निघावं, असं मनात आलं.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली. शेठ उन्हातून आले, टोपी काढून घाम पुसत गादीवर बसले. मी दिसताच त्यांचा चेहरा उजळला आणि मग त्यांनी तो मुद्दाम गंभीर केला.

"इंजिनियर, वाटेत विचार करत आलो. घंगाळ भांड्यांत नको. ते शोभेच्या सामानात टाका."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या मान खाली घालून कागद लावत होत्या. घंगाळ कुठंही टाकलं असतं तरी जगात कोणाचं काही बिघडणार नव्हतं. 'बरं शेठ' म्हणालो असतो तर पाच मिनिटांत मोकळा झालो असतो.

"नाही शेठ," मी खुर्ची पुढे ओढली. "हे अजिबात जमणार नाही. ज्यात आंघोळीचं पाणी काढतात ते भांडं."

"आरं, आता कोण पाणी काढतं त्यात? फुलं ठेवतात लोक, फुलं!"

"फुलं ठेवली म्हणून भांड्याची जात बदलत नाही."

शेठ मांडी मोडून सरसावून बसले. मग आत बघून ओरडले, "वैशाली, इंजिनियरला ताट वाढ. उपाशी माणसाशी भांडण्यात मजा नाय."

आम्ही समोरासमोर बसून भाकरी आणि पिठलं खाल्लं आणि घंगाळावरून ऊन उतरेपर्यंत भांडलो. हमाल काम सोडून दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी मी हरलो, पण घाई केली नाही.