गाठीचा शेजारपाजार

शिंप्याच्या अंगात गाठ निघाली. तपासली, तर वाईट निघाली. ती कापून काढावी, असे शिंप्याचे मत होते. पण शिंपी पडला अडाणी.

कर्करोग संशोधन केंद्रात दर सोमवारी भिंतीवर एक नकाशा लागे. जगभरच्या शोधनिबंधांत जो शब्द जास्त, त्याचे वर्तुळ मोठे. वर्तुळ मोठे तर विषय चलतीत, आणि विषय चलतीत तर विभागप्रमुख चलतीत. सध्या ‘गाठ’ लिंबाएवढी उरली होती आणि ‘गाठीभोवतालचे सूक्ष्म पर्यावरण’ कलिंगडाएवढे फुगले होते.

“गाठ कधी काढताय?” शिंप्याच्या बायकोने विचारले.

“बाई, गाठ आता मागे पडली,” विभागप्रमुख म्हणाले. “तिच्या शेजारच्या पेशी, रक्तवाहिन्या, पहाऱ्यावरच्या पेशी, त्यांचं आपसातलं साटंलोटं! आजार पुढे कुठे जाणार, ते या शेजारावर ठरतं.”

यात खोटे काहीच नव्हते, हीच तर पंचाईत.

“ठरू द्या की. पण आधी ती बया काढा.”

“काढली तर शेजार कुणाचा अभ्यासायचा?”

शस्त्रक्रिया स्थगित झाली. गाठीच्या आजूबाजूचा कण न् कण कोरून नेला; गाठ मात्र जावयासारखी जपली. शल्यचिकित्सक एकदा सुरी घेऊन जवळ गेले, तर त्यांना पर्यावरणाच्या हानीबद्दल समज देण्यात आली.

मग कुणीतरी शंका काढली, की या पर्यावरणालाही पर्यावरण असणारच. म्हणजे शिंपी. आणि शिंप्याचे पर्यावरण? दुकान. संशोधकांची तुकडी दुकानात आली. त्यांनी शिलाई मशीनची धूळ बाटलीत भरली, इस्त्रीची वाफ मोजली आणि एक यंत्र बायकोच्या तोंडासमोर धरले.

“हे काय?”

“घरातील आवाजाची पातळी.”

“मोजा, मेल्यांनो! थांबा, वाढवून दाखवते!”

ती नोंदही घेतली गेली.

शिंपी कोपऱ्यात स्वतःचीच पँट कमरेत आत घेत बसला होता. महिन्यापूर्वीही घेतली होती. संशोधकांनी लिहिले: ‘रुग्ण कामात रमलेला.’

पुढच्या सोमवारी शल्यचिकित्सक नकाशासमोर उभे राहिले. “सर, यात ‘रुग्ण’ हा शब्द कुठे आहे?”

विभागप्रमुखांनी चष्मा लावून शोधले. अगदी कडेला एक ठिपका होता. शाईचा डाग समजून त्यांनी तो नखाने खरवडून टाकला.

त्याच नकाशात कलिंगड आक्रसले होते. नवे वर्तुळ होते संगणकी भाकिताचे. संगणकाला रुग्ण लागत नाही, जुने निबंध पुरतात. विभागप्रमुखांनी उदार मनाने फर्मावले, “आता काढा हवं तर.”

शल्यचिकित्सकांनी उघडले, पाहिले आणि पुन्हा शिवले. एवढ्या अवधीत गाठीने सगळा शेजार गिळला होता. आजार शेजाराकडे बघून पुढे जातो, हा सिद्धांत तंतोतंत खरा ठरला. त्याबद्दल विभागप्रमुखांना पुरस्कार जाहीर झाला.

समारंभात शिंप्याला पहिल्या रांगेत बसवले होते. टाळ्या वाजवायला तो उठला, पण एक हात पँट धरण्यात गुंतला होता, म्हणून नुसताच उभा राहिला. व्यासपीठावरून विभागप्रमुख तासभर शेजारावर बोलले. शेवटी म्हणाले, “काही प्रश्न?”

शिंप्याची बायको उठली. “एकच. यांची गाठ होती कुठे?”

विभागप्रमुखांनी सहायकाकडे पाहिले, सहायकाने संशोधकांकडे, संशोधकांनी छताकडे.

“अहो, गळ्यात, पोटात की काखेत? काहीतरी सांगा!”

सगळेच छताकडे पाहू लागले. आता तुम्ही त्यांना हसा खुशाल. पण तुम्हीही इथवर चवीने वाचत आलात. नकाशा पाहिलात, धूळ मोजलीत, बाईच्या आवाजाला हसलात. गाठ कुठे होती, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?