दोन बेस आणि अव्या साळवे

अव्या साळवेशी बोलताना तुमच्या वाट्याला त्याचा एकच कान येतो. डोकं डाव्या खांद्याकडे झुकवून तो तुमचं ऐकतो आणि दुसरा कान भलतीकडेच लावलेला असतो. एका कानावर हेडफोन आणि दुसरा मोकळा, ही त्याची डीजेगिरीची जुनी सवय. हेडफोन उतरला तरी मान सरळ झाली नाही. आमच्या वारज्याच्या सोसायटीत नव्याने आलेल्या एका काकूंनी त्याला मानेच्या व्यायामांचा कागद आणून दिला. त्याने तो आदराने घेतला आणि वाकड्या मानेनेच वाचला.

दिवसा अव्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क असतो. उरलेल्या वेळात ड्रम अँड बेस वाजवतो. म्हणजे वर ड्रम पिसाटासारखे पळत असतात आणि खाली बेसचा घुमणारा खर्ज आपल्या चालीने सावकाश चालतो. एक गाणं संपत असताना दुसरं त्यात असं मिसळायचं की सांधा कळू नये, ही त्यातली कला. सोसायटीला मात्र डीजे म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत एवढंच माहीत. चेअरमननी एकदा पुतण्याच्या हळदीला वाजवशील का म्हणून विचारलं. अव्या म्हणाला, "वाजवीन की. पण नवरदेव पळाला तर मला विचारायचं नाही."

आम्ही दोघं कॉलेजपासूनचे, तेव्हा येरवड्यात राहायचो. त्याच्या आतेभावाने परदेशातून रेकॉर्डी आणल्या आणि अव्याचं कल्याण झालं. गॅदरिंगला त्याने त्या वाजवल्या तेव्हा बघता बघता सगळा हॉल रिकामा झाला. उरलो मी आणि वॉचमन. वॉचमनला कुलूप लावायचं होतं आणि माझ्या सायकलची किल्ली अव्याच्या खिशात होती. पण खिडकीतून तिरपं ऊन आलेलं, रिकाम्या खुर्च्या, आणि हा डोळे मिटून एका रेकॉर्डीतून दुसरीत अलगद उतरतोय, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेलं नाही. तेव्हा आम्हाला कुठेच पोचायची घाई नव्हती.

नव्या गाण्यांवर अव्याचा राग होता तो त्या घाईचाच. तो सांगायचा, जुनं गाणं कसं, घरी आलं की चपला काढायचं, पाणी प्यायचं, मग विषयाला हात घालायचं. सुरुवातीला बराच वेळ नुसते ड्रम. तेवढ्यात आपण दुसऱ्या गाण्याशी त्याची गाठ घालून द्यायची. आताचं गाणं दारातूनच ओरडत येतं. मिसळायला जागा नाही, वेळ नाही, आणि प्रत्येकाचा बेस एवढा दांडगा की दोन एकत्र आले तर हाणामारीच. एकाचा बेस कापून मगच दुसऱ्याला आत घ्यावं लागतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. "आधी त्याचं म्हणणं पूर्ण होऊ द्या," हे त्याचं पालुपद. ते तो गाण्यांना म्हणायचा, सोसायटीच्या मीटिंगमध्येही म्हणायचा.

असा हा माणूस मागच्या हिवाळ्यात एकाएकी फिरला. जुन्या रेकॉर्डी कपाटात गेल्या आणि घरातून नव्या गाण्यांचे हादरे यायला लागले. आम्ही त्याला पुष्कळ पिडलं. कुणी म्हणालं, केस काळे करायचं तेवढं राहिलंय. तो नुसता हसायचा.

मग कर्वेनगरच्या एका कॅफेत रविवारी दुपारी त्याला वाजवायला बोलावलं. मी गेलो होतो. पोरंपोरी नाचत होती, अव्याचे हात बटणांवर भराभर फिरत होते, आणि मध्येच त्याचा एक बेस कापायचा राहिला. दोन्ही बेस एकमेकांवर आदळले. टेबलावरचे कप खडखडले. पोरांना वाटलं मुद्दामच केलं. त्यांनी एवढा जल्लोष दिवसभरात केला नव्हता. अव्याचा चेहरा मात्र उतरला. त्याने लवकर आवरतं घेतलं.

परतताना स्कूटरवर मी म्हणालो, "लोकांना आवडलं की."

"लोकांचं सोड रे," तो म्हणाला. 

नंतरच्या रविवारी सकाळी त्याला मिसळ खायला न्यावं म्हणून मी त्याच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आत अव्याची आई, सुमनमावशी, स्पीकरसमोर पाटावर बसल्या होत्या. मावशी शाळेत शिकवायच्या. येरवड्याच्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान गेले होते. यंत्र लावलं की डोकं ठणकतं म्हणून तेही नको म्हणत. त्यांनी दोन्ही तळवे स्पीकरच्या खोक्यावर ठेवले होते आणि मान हळूहळू डोलत होती.

अव्याने दुसरं गाणं आत घेतलं आणि मावशींनी चटका बसल्यासारखे हात उचलले.

"भांडले," त्या म्हणाल्या.

अव्याने कान पकडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "जुनी हाताला लागत नाहीत रे तिच्या आता. दिवाळीपर्यंत लागायची. मग एकदा हात ठेवला आणि मला विचारलं, बंद आहे का?"

"आणि?"

"चालू होतं."

 मी दाराशीच खुर्चीवर बसलो.

"ही नवी फार ओरडतात," तो म्हणाला, "पण पोचतात. फक्त मध्ये धक्का बसता कामा नये. दचकते ती."

या खेपेला त्याने एक बेस हलकेच काढून घेतला आणि दुसरा त्याच्या जागी असा सोडला की मला काही कळलंच नाही. मावशींचे तळवे खोक्यावरच राहिले. त्यांनी डोळे मिटले. "आता बरं चाललंय," त्या म्हणाल्या, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा जरा मोठ्याने.

पुढचं गाणं तयार होतं. अव्याने ते लावलं नाही. चालू होतं तेच फिरवून फिरवून लांबवत राहिला.