परबकाकांची एकशे दहा

करोनाच्या दिवसांत आमची मुलुंडची बिल्डिंग परबकाकांच्या साखरेवर जागी व्हायची. बरोबर सातला शेजारच्या गॅलरीतून आरोळी यायची, "उपाशीपोटी, एकशे दहा!" अख्ख्या बिल्डिंगला लॉकडाऊनचे नियम पाठ नव्हते, पण काकांची शुगर पाठ होती.

काका मिलमध्ये टाइमकीपर होते. मिल बंद पडली, काकांची शिस्त चालूच राहिली. कोथिंबीर ते साबणाने धुवायचे आणि आमटीला फेस आला की आमटीलाच दोष द्यायचे. सोसायटीचे चेअरमन मास्क हनुवटीवर घेऊन मीटर अंतराचं भाषण द्यायला लागले, तेव्हा काका वरून ओरडले, "करोना हनुवटेक होणा नाय, नाकाक होता!" तेव्हापासून चेअरमन मागच्या जिन्याने ये-जा करायचे.

काकू पाय मोडून अंथरुणाला खिळल्या होत्या. बाई यायची बंद झाल्यापासून त्यांचं न्हाणंधुणं, जेवण, औषध सगळं काका एकटेच करत. वय चौऱ्याहत्तर.

एकदा मी त्यांची औषधं आणायला निघालो. यादीत शुगरच्या पट्ट्या नव्हत्या.

"पट्ट्या नकोत?"

"मशीन दिवाळीपासून बंद आसा."

"मग रोजची एकशे दहा?"

काकांनी मला जिन्यात ओढलं. "हळू बोल रे, ती ऐकात! आकडो ऐकल्याशिवाय ती प्रेशरची गोळी घेणा नाय. माका काय झाला तर तिचा कोण करतला, ह्याच तिचा टेन्शन."

"मग घरातच सांगा ना. गॅलरीत कशाला?"

काका खाली बघत म्हणाले, "तिच्या तोंडार खोटा बोलाक जमणा नाय. म्हणान रस्त्याकडे तोंड करतंय."

मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. मी त्याच दिवशी नवं मशीन आणलं. आकडा आला तीनशे ऐंशी. डॉक्टरांनी ताबडतोब दाखल व्हायला सांगितलं. काकूंकडे माझी बायको राहायला गेली. रिक्षात बसताना काकांनी मला फक्त बजावलं, "उद्या, सात. उशीर नको."

सकाळी फोन केला. काका म्हणाले, "दोनशे नव्वद. पण तू काय सांगतलंस?"

मी जन्मात कधी गॅलरीतून ओरडलो नव्हतो. काकांच्या गॅलरीत गेलो. मागे खिडकीतून काकू माझ्याकडेच बघत होत्या. मी रस्त्याकडे तोंड केलं. होता नव्हता तेवढा आवाज काढला.

"परबकाका, उपाशीपोटी, एकशे दहा!"

आतून काकूंनी माझ्या बायकोला सांगितलं, "गोळी दी गो."