हैबतरावाने कॅप्शन बंद केली

एका जंगलात, मुलांनो, नेटवर्क फक्त एका उंबराखालीच यायचं. म्हणून हैबतराव गवा आणि त्याची बायको अनसूया रोज संध्याकाळी त्या उंबराखाली रवंथ करत मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायची.

हैबतराव कळपाचा राखणदार होता. लांब कुठे वाळकं पान मोडलं तरी त्याला ऐकू येतं, असं सगळा कळप म्हणायचा. तोही म्हणायचा. जरा जास्तच म्हणायचा.

अनसूयेला मात्र कॅप्शन लागायची. कोण काय बोललं ते व्हिडिओच्या तळाशी लिहून येतं ना, ती अक्षरं. "वय झालं, नीट ऐकू येत नाही हो," असं ती म्हणायची.

हैबतरावाला त्या अक्षरांचा भारी राग. कुस्ती लावली की पैलवानांचे पाय नेमके अक्षरांमागे लपायचे. डाव कुठला टाकला तेच कळायचं नाही.

"हे काय बघणं झालं? वाचनालयात बसल्यासारखं वाटतं!" एके दिवशी तो भडकला. "मी बंद करतो. माझे कान शाबूत आहेत."

"अहो, राहू द्या ना. माझ्यासाठी."

पण त्याने ओलं नाक पडद्यावर टेकवलंच. आधी पडद्याचा उजेड कमी झाला. मग व्हिडिओ दुप्पट वेगाने पळू लागला. शेवटी एकदाची अक्षरं गेली.

मालिका सुरू झाली. सून दारात उभी राहून सासूला म्हणाली, "हुं हुं हुं." सासू उलटून म्हणाली, "हुं हुं."

हैबतरावाने कान झाडले. आवाज वाढवला. हुं हुं मोठं झालं, एवढंच.

म्हणजे इतके दिवस आपण ऐकत नव्हतो? वाचत होतो? आणि कळपाला हे कळलं तर? राखणदार व्हायला तरणे गवे टपलेलेच होते.

मग तो चोरून बायकोकडे बघू लागला. ती हसली की हा हसे. तिने उसासा टाकला की हाही टाके. एकदा तिला नुसती शिंक आली, तर हा किती तरी वेळ हळहळला.

मालिका संपली. "काय म्हणाली हो सासू शेवटी?" अनसूयेने विचारलं.

"आपलं... नेहमीचंच."

"घर सोडून निघाली ती."

"हां, तेच म्हणतोय मी!" हैबतराव घाईने म्हणाला. मग थबकला. "अगं, पण तुला कसं ऐकू आलं?"

अनसूयेने मान खाली घातली. "मला पहिल्यापासून ऐकू येतं. अक्षरं तुमच्यासाठीच लावत होते."

"आणि वाघाची चाहूल? ती तर मलाच लागते ना?"

"मी बरगडीत शिंग टोचते तेव्हा लागते," ती म्हणाली आणि एकदम उठून उभी राहिली. "आताही उठा. नाल्याकडून येतोय."

हैबतरावाने जोराचा फुत्कार टाकला. कळप उधळला. वाघ हात हलवत परत गेला.

दुसऱ्या दिवशी कळपाने उंबराखाली हैबतरावाचा सत्कार केला. त्याच्या शिंगांना रानवेलींचे हार घातले. मोबाइलवर व्हिडिओ चालू होता आणि तळाशी अक्षरं पळत होती.

"ही अक्षरं कशाला?" शेजारच्या वेणूबाई भेकरीने विचारलं.

हैबतरावाने बायकोकडे पाहिलं. घसा खाकरला. पुन्हा पाहिलं. अनसूया रवंथ करत राहिली.

"हिला ऐकू येत नाही ना," तो हळूच म्हणाला.

वेणूबाई लांब गेली आणि दुसऱ्या भेकरीच्या कानात कुजबुजली, "एवढा तिखट कानांचा गवा, आणि नशिबी बायको मात्र ठार बहिरी!"

हे अनसूयेला स्वच्छ ऐकू आलं. हैबतरावाला आलं नाही.

तात्पर्य : मुलांनो, आपली उणीव कधीही लपवू नये. ती सरळ बायकोच्या नावावर करून टाकावी, म्हणजे चारचौघांत मोकळेपणाने बोलता येतं.