अपूर्ण शेट्येकाकू

"लक्ष द्या. डाव्या बाजूच्या डबक्यातून ऑक्टोपस सुटण्याच्या बेतात आहे. प्रवाशांनी आपापली बोटं आवरून घ्यावीत."

ओहोटीच्या वेळी आमच्या गावच्या खडपांवर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळांवर, असा आवाज घुमला की समजावं, शेट्येकाकू आल्या. हातात भोंगा-बिंगा काही नाही, नुसता गळा. काकूंची सगळी नोकरी रत्नागिरीला एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेली. त्या रिटायर झाल्या, पण तो नाकातला सूर काही रिटायर झाला नाही. जेवताना मीठ हवं असलं तरी आधी "लक्ष द्या" होतं, मग मीठ.

आमचं गाव राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या जरा पुढे. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. दर हिवाळ्यात एक संस्था इथं आठवडाभराचा वर्ग भरवते. समुद्रकाठचे जीव त्यांच्या जागी जाऊन बघायचे, ओळखायचे, आणि ते टिकायला हवे असतील तर काय करावं लागेल ते शिकायचं. पुण्यामुंबईची, बंगलोरची कॉलेजातली पोरं येतात. शाळेच्या वर्गांत झोपायची सोय, जेवण, होडी ही सगळी उठाठेव माझ्या गळ्यात. जागा मोजक्या आणि अर्ज ढीगभर. तरी त्या विशीतल्या नावांत एक नाव दर वर्षी ठरलेलं : कुसुम शेट्ये, निवृत्त.

पायात पीटीचे पांढरे बूट, गुडघ्याला पट्टा, पंजाबी ड्रेसवर पुरुषी टोपी. अशा थाटात काकू पोरांच्या पुढे चालतात. शंखातला खेकडा जुनं घर टाकून नव्या शंखात शिरताना दिसला की "सीट बदलून घेतोय हो, कुणी हटकू नका." एकदा खारफुटीच्या चिखलात त्या गुडघ्यापर्यंत रुतल्या. आम्ही सगळे घाबरलो. काकू शांतपणे म्हणाल्या, "गाडी बंद पडलेली आहे. प्रवाशांनी उतरून धक्का मारावा." धक्का मारता मारता दोन प्रवासीही रुतले.

पण दगडाच्या बाबतीत मस्करी नाही. खालचे जीव बघायला दगड उचलला, तर तो होता तसाच परत ठेवायचा हा इथला पहिला नियम. पुण्याच्या एका पोराने दगड उलटा टाकला आणि पुढे निघाला. काकूंनी त्याला हाक मारून मागे आणला. "कुणाच्या घरचं छप्पर उचकटून असाच जातोस काय रे मेल्या? ठेव आधी होतं तसं." पोराने मुकाट ठेवलं. संध्याकाळी काकूंनी स्वतःच्या पिशवीतली खोबऱ्याची वडी त्यालाच आधी दिली.

अशा या उत्साही बाईचा एक दोष सगळ्यांना माहीत होता. त्या उठत नसत. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, म्हणून उठायची वेळही रोज वेगळी. ज्याची पाळी असेल त्याने पहाटे सगळ्यांना हाका मारायच्या. पोरी सांगायच्या, "सर, काकू म्हणजे कुंभकर्ण. दोन-तीन हाका मारल्याशिवाय चादरीतून तोंड बाहेर काढत नाहीत." नवल एवढंच की चादर बाजूला झाली की आत वेणी घातलेली असायची आणि टिकली लावलेली.

आता त्या दर वर्षी कशा येतात ते सांगतो. वर्गात प्रत्येकाने एक डबकं निवडायचं, आठवडाभर त्यावर नजर ठेवायची आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याबद्दल बोलायचं. बोलला की प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र मिळालं की पुन्हा अर्ज करता येत नाही, दुसऱ्या कुणाला संधी नको का? ज्याचं बोलणं राहिलं त्याचा वर्ग अपूर्ण धरतात, आणि अपूर्णाला पुढच्या वर्षी आधी बोलावतात.

काकूंचं दर वर्षी राहायचं. एका वर्षी शेवटच्या दिवशी पित्त उसळलं. एका वर्षी गुडघा धरला. एकदा तर घसाच बसला, आणि तो परतीच्या एसटीत बसल्या बसल्या सुटला. वर्ग चालवणाऱ्या देवयानी मॅडम हळव्या मनाच्या. त्या हळहळायच्या. म्हणायच्या, "बिचाऱ्यांचं नशीबच नाही."

मागच्या खेपेला काकूंचा चष्मा शेवटच्या सकाळी डबक्यात पडला. पोरं गुडघाभर पाण्यात शोधायला लागली. मी शाळेत टॉर्च आणायला आलो, तर काकू ओट्यावर बसून चष्मा लावून तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी तो घाईने ओढणीखाली लपवला. नापास व्हायची धडपड करणारी पोरं मी शाळेत पाहिली नाहीत असं नाही, पण या वयाचं कुणी पाहिलं नव्हतं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, आणि सूर पहिल्यांदाच साधा होता, "कुणाला बोलू नका हो. पास झाले तर मी येऊ कशी?"

मी कुणाला बोललो नाही.

त्या संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटली. शेवटी देवयानी मॅडम उभ्या राहिल्या. या गोष्टीचा त्यांनी मलाही पत्ता लागू दिला नव्हता. त्या म्हणाल्या, "एक व्यक्ती इतकी वर्षं जिद्दीने येते आहे. आजारपणाने तिला दर वेळी दगा दिला. या खडपांबद्दल तिला बोलायला लावायची काय गरज आहे? आज आपण तिला प्रमाणपत्र देणार आहोत." पोरांनी टाळ्या वाजवून हॉल डोक्यावर घेतला. शिट्ट्या वाजल्या. काकू पुढे गेल्या, कागद दोन्ही हातांनी घेतला, आणि रडल्या. पोरी त्यांना बिलगल्या. एक जण म्हणाली, "आनंदाने रडतायत." मला तिथे उभं राहवेना. मी चहाचे कप गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो. इतर वेळी त्या स्वतःची गाडी स्वतः पुकारायच्या आणि थांब्यावरची माणसं हसायची. त्या दिवशी गाडी आली तरी त्या गप्प होत्या.

मी म्हटलं, "काकू, पुढच्या वर्षी सहज या. भेटायला. घर आहेच आपलं."

"येईन की. पण भेटायला आलेल्या माणसाला कोण उठवतं, मास्तर? त्याला झोपू देतात." पायरीवर एक पाय ठेवून त्या थांबल्या. "मला पहाटे जाग असते हो. नोकरीची सवय. घरी उठते, नि कुठं पोचायचं नसतं. आयुष्यभर मी माणसांना हाका मारल्या. इथं आठ दिवस मला कुणीतरी नावाने हाक मारायचं."

कंडक्टरने घंटी दिली. मी नुसता हात हलवला.

या हिवाळ्यात वर्ग पुन्हा भरला. पोरं नवी होती, चांगली होती, दगडही होते तसे ठेवत होती. पहिल्याच पहाटे ज्याची पाळी होती तो दारांवर थापा मारत गेला. मी ओट्यावर उभा होतो. मला राहवलं नाही. मी रत्नागिरीला फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. मागे चहा गाळल्याचा आवाज येत होता.

"काकू," मी म्हटलं, "उठा. ओहोटी लागली."

पलीकडे चहाचं भांडं खाली टेकलं. मग चादरीतून यावा तसा आवाज आला.

"एका हाकेत मी कधी उठलेय, मास्तर? परत मारा."